‘उसने कोट’ची नवी आवृत्ती

१

बेव्हच्या घरातली सकाळ कशी जायची ते आधी सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे काय बिघडलं ते कळेल. ती खाली येऊन डॅडच्या गोळ्या काढायची, टोस्टवर गरम बीन्स ओतून ताटली त्याच्यापुढे सरकवायची आणि रेडिओ लावायची. डॅड विचारायचा, "आज कुठे कार्यक्रम?" ती म्हणायची, "आज सुट्टी, डॅड." यावर तो दिलखुलास हसायचा. मग ती माडीवरच्या मागच्या खोलीत जाऊन कानांवर हेडफोन चढवायची, आणि दुपारपर्यंत कुणी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.

डॅड म्हणजे डेनी फॉक्सॉल. बर्मिंगहॅम आणि डडलीच्या पट्ट्यातला साठीच्या पुढचा कुठलाही माणूस हे नाव ऐकलं की एकतर खुलतो, नाहीतर कानात बोट घालून हलवतो. एके काळी त्याच्या बँडनं भल्याभल्यांच्या कानांना दडे बसवले होते. पुढे बँड फुटला, केस गेले, आणि चाळिशीला टेकल्यावर डेनीनं एक शहाणपणाची गोष्ट केली. सगळी दुसऱ्यांची गाणी घेतली आणि स्वतःच्या आवाजात एक रेकॉर्ड काढली. नाव ठेवलं ‘उसने कोट’. वरच्या चित्रात तो मापापेक्षा मोठा कोट घालून उभा आहे, बाह्यांतून बोटंही दिसत नाहीत. त्या रेकॉर्डनं त्याला पुन्हा उभं केलं.

आता लंडनची कंपनी तीच रेकॉर्ड नव्यानं काढणार होती, जास्तीच्या ऐवजासकट. गाण्यांच्या मधल्या गप्पा, लोकांना घरी गाता यावं म्हणून गायकाचा आवाज काढलेली गाणी, आणि डेनीनं आजच्या आवाजात गायलेलं एक ताजं गाणं. जुने आवाज साफसूफ करणं हा बेव्हचा धंदाच. कंपनीच्या ज्युलियननं तिला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "घरचंच काम आहे म्हणा ना." बेव्ह हो म्हणाली. डॅडला शब्द सापडेनासे झाले होते, माणसं सापडेनाशी झाली होती. गाणी तेवढी अजून सापडत होती, पण तीही एकेक करून निघाली होती. एक तरी गाणं तो आहे तोवर, म्हणजे तो तोच आहे तोवर, धरून ठेवावं एवढंच तिला हवं होतं.

२

गायकाचा आवाज काढायचा म्हणजे काय, तर संगणकाच्या पडद्यावरचा त्याच्या माईकचा ट्रॅक बंद करायचा. एका बटणाचं काम. पण ही रेकॉर्ड डेनीनं नेदरटनच्या कामगार क्लबाच्या हॉलमध्ये केली होती, सगळ्यांनी एकाच खोलीत एकाच वेळी वाजवून. अशा वेळी एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतोच. भिंतीतून ओल यावी तसा तो झिरपतो. गायकाचा माईक बंद केला तरी ड्रमच्या माईकमधून तो लांबून, विहिरीत बोलल्यासारखा ऐकू येत राहतो. त्यात नवल काही नाही. ती झिरप पुसायची हेच तर बेव्हचं कौशल्य.

पहिली दोन गाणी तिनं अशीच पुसली. दुसऱ्याच्या शेवटी तिला वाटलं, झिरप जरा जास्तच आहे. पण जुना हॉल, उघडे माईक, तिनं काही मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर डेनीला ठसका लागतो, एक ओळ गळते आणि तो हसून पुढे जातो. ते तसंच ठेवलं होतं. लोकांना तो ठसका गाण्याइतकाच आवडायचा. बेव्हला तो शाळेपासून पाठ होता. तिनं डॅडचा ट्रॅक बंद केला आणि ड्रमच्या मागे तो ठसका बारीक होऊन यायची वाट पाहिली.

ठसका आला. हसूही आलं. आणि त्या दोन्हींच्या खालून, गळलेली ओळ कुणीतरी सावकाश, सबंध गायली.

बेव्हनं हेडफोन काढले. खाली रेडिओवर हवामान सांगत होते. ती खिडकीपाशी जाऊन मागच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीकडे बघत उभी राहिली. तिचं डोकं तसं थंड. तिनं कारणं लावायला सुरुवात केली. टेप आधी वापरलेली असेल, खालचं नीट पुसलं नसेल. नाहीतर डॅड आधी एकदा गायला असेल, मग पुन्हा वरून गायला असेल, आणि पहिलं गाणं ड्रमच्या माईकमध्ये राहिलं असेल. हे सगळीकडे होतं. पण तसं असेल तर नंतर गायलेल्या गाण्यातला ठसका ड्रमच्या माईकमध्ये कसा आला?

तिनं पुन्हा ऐकलं. तो पुरुषाचा आवाज होता, डॅडपेक्षा जाड आणि बिनघाईचा. श्वास कुठेच घेत नव्हता.

३

ड्रम वाजवणारा वॉल्ट हॅडली क्रॅडलीत म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या सदनिकांत राहत होता. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. बेव्ह लॅपटॉप घेऊन गेली तेव्हा तो मटारात कालवलेले मटणाचे गोळे खात होता.

"ये ये. बापाचं काय चाललंय? मागच्या खेपेला मला बँकेचा साहेब समजून उभा राहिला होता."

"तुम्हाला कुणी साहेब समजलं, हेच खूप झालं, अंकल वॉल्ट."

"तेही खरंच," वॉल्ट म्हणाला आणि हेडफोन घालून घेतले.

बेव्हनं ती जागा लावली. वॉल्टचा चमचा हवेत थांबला. त्यानं ऐकलं, मग मान हलवून पुन्हा लाव अशी खूण केली.

"डॅड एकदा गाऊन मग पुन्हा वरून गायला होता का?" तिनं विचारलं.

"छे. एकदम. आम्ही सगळे एकदम."

"मग हा कोण? डॅड तर नाही ना?"

"बाप खोकतोय की तुझा तिथे. एका तोंडानं खोकणार आणि त्याच तोंडानं गाणार? इतका हुशार तो कधीच नव्हता."

"क्लबात तेव्हा रंगकाम चाललं होतं. एखादा रंगारी असेल."

"रंगारी शिट्ट्या मारतात गं. आणि आम्ही आत असलो की दाराला आतून कडी. मीच घालायचो." वॉल्टनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, अगदी हळू, अंडी ठेवावीत तसे. मग तो मटार इकडून तिकडे सारू लागला.

"त्या क्लबात एक रीत होती," तो म्हणाला. "तुझ्या वेळी ती राहिली नव्हती. प्रत्येक म्हाताऱ्याचं एक गाणं ठरलेलं. तो बसलेला असताना दुसऱ्यानं ते म्हणायचं नाही. तो नसताना म्हणा खुशाल. पण म्हणता म्हणता तो दारातून आत आला, तर गाणाऱ्यानं तिथल्या तिथे माईक सोडून बाजूला व्हायचं. अर्ध्या ओळीत असलात तरी. उरलेलं तो म्हणणार. शिष्टाचार होता तो. लाथ घालून शिकवायचे आम्हाला."

"मग हे गाणं कुणाचं होतं?"

"एक होता. त्याला सगळीच गाणी आपली वाटायची. तो दारात दिसला की जो कुणी गात असेल तो बाजूला व्हायचा. कोण वाद घालणार?"

"नाव काय त्याचं?"

"नाव घेऊन काय करायचंय तुला?"

"अंकल वॉल्ट, माणूस आहे की नाही हा? जिवंत आहे?"

"हे रेकॉर्डिंग झालं तेव्हा तो नव्हता. खूप आधीच नव्हता." वॉल्टनं ताटली बाजूला सारली. "मला काही ऐकू आलेलं नाही, बेव्ह. माझे कान ड्रमनं कधीच गेलेत. तू ते पुसून टाक. तुझं कामच आहे ना ते?"

४

पुसून टाकणं शक्य होतं. बेव्हनं मात्र आधी सगळं ऐकून घ्यायचं ठरवलं. एकदा कानात शिरलेली गोष्ट अर्धवट सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिनं त्या हॉलचा नकाशा मनात मांडला. एका टोकाला बुटकं स्टेज, त्याच्या पुढ्यात जमिनीवर डॅडचा माईक. मध्यावर ड्रम. ड्रमच्या पाठीमागे दार. दाराकडून आवाज आला तर तो ड्रमच्या मागच्या माईकला आधी लागणार, पुढच्याला नंतर. आवाज कुठून येतोय हे सांगणं तिच्या कानाला अवघड नव्हतं.

पहिल्या गाण्यात तो दाराबाहेर होता. इतका बाहेर, की तिला ते आधी कळलंच नव्हतं. दुसऱ्यात दारात. तिसऱ्यात, ठसक्याच्या गाण्यात, दाराच्या आत. पुढच्या प्रत्येक गाण्यात तो खोलीत थोडा पुढे आलेला होता. पावलांचा आवाज कुठेही नव्हता, खुर्ची सरकल्याचा नाही, काही नाही. एक गाणं संपून दुसरं सुरू झालं की तो आणखी अलीकडे असायचा. शेवटच्या गाण्यात तो ड्रमच्या पुढे येऊन डॅडच्या अगदी जवळ उभा होता.

या सगळ्यालाही कारण सापडेल, असं बेव्हनं स्वतःला सांगितलं.

मग टेपच्या शेवटी तिला अकरावं गाणं मिळालं. हे रेकॉर्डवर नव्हतंच. नावेची वाट बघत नदीकाठी बसलेल्या माणसाचं जुनं, संथ गाणं, तिच्या आईचं फार आवडतं. डॅड स्वयंपाकघरात भांडी पुसताना ते म्हणायचा. रेकॉर्डवर का घेतलं नाही, असं आई नेहमी विचारायची आणि तो नेहमी विषय बदलायचा.

टेपवर डॅड सुंदर सुरू होतो. दुसऱ्या कडव्यात एकदम थांबतो. वाद्यं एकेक करून गळतात. "नको," डॅड म्हणतो. "हे राहू दे. चला, आवरा." त्याचा आवाज कधी नव्हे इतका कोरडा आहे. आणि तो हे बोलत असताना त्याच्याच माईकमध्ये, त्याच्या तोंडाइतक्याच जवळून, ते कडवं कुणीतरी पुढे नेतं. फक्त दोन शब्द. मग टेप बंद होते.

बेव्ह खाली आली. डॅड रेडिओसमोर मोजे हातात घेऊन बसला होता.

"डॅड, नावेचं गाणं तू क्लबात म्हणायला घेतलं होतंस. मध्येच का थांबलास?"

तो विचार करू लागला. खरोखर करत होता, कपाळाला आठ्या पडल्या. "थांबलो होतो?"

"हो. दुसऱ्या कडव्यात."

"मग काहीतरी कारण असेल," तो म्हणाला. "मी उगाच थांबणारा माणूस नाही." आणि त्यानं मोजा हातावर चढवला.

५

नवं गाणं कुठलं, हे ज्युलियननं डेनीवर सोडलं होतं, आणि डेनीनं नावेचंच निवडलं. बेव्हनं बाकीची दहा नावं सुचवून पाहिली. तो पोरासारखा हट्टाला पेटला. "तुझ्या आईला तेच हवंय," तो म्हणाला. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण बेव्हनं वाद सोडला.

तिनं माडीवरच्या खोलीत माईक लावला. पहिलं कडवं त्यानं असं म्हटलं की ती यंत्राकडे बघायचं विसरली. आवाज फाटलेला, पण गाणं शाबूत. दुसऱ्या कडव्याला तो थांबला, भिंतीकडे बघू लागला.

"पुढचं कुठे गेलं?"

"आठवेल. पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच. चौथ्या खेपेला त्यानं माईकच्या काठीला धरलं आणि रडायला लागला. "इथे नाही ते, बेव्ह. इथे नाहीच ते. तिकडे राहिलंय."

"कुठे?"

"क्लबात."

स्मृतिभ्रंशाच्या दवाखान्यातली नर्स हेच सांगायची, की जागा दिसली की कधी कधी गोष्ट परत मिळते. बेव्हनं ज्युलियनला फोन करून चालढकल करून पाहिली. दुसरं एखादं गाणं, नंतर कधीतरी, उन्हाळ्यात. ज्युलियन समजूतदार होता. "उन्हाळ्यातही चालेल," तो म्हणाला. "पण उन्हाळ्यात ते गातील का?"

ड्रमच्या माईकमधला एक आवाज एकीकडे, आणि रोज सकाळी थोडा थोडा कमी होणारा बाप दुसरीकडे. शहाण्या माणसानं कशाला भ्यावं? तिनं क्लबाला फोन लावला.

६

हॉल होता तिथेच होता. आठवड्यातून दोनदा तिथे वजन कमी करणाऱ्या बायका जमायच्या, एवढाच फरक. त्यांचा वजनकाटा स्टेजवर पडला होता. बुधवारची दुपार होती आणि उंच खिडक्यांतून स्वच्छ ऊन येत होतं. बेव्हला त्या उन्हाचा मोठा आधार वाटला.

वॉल्ट यायला तयार नव्हता. मग आला, काठी टेकत, शिव्या घालत. त्यानं सांगितलं तसं बेव्हनं दार आतून बंद केलं. गिटार डॅड स्वतःच वाजवणार होता. बोटांना सगळं आठवत होतं. वॉल्ट ब्रशनं नुसता सळसळ आवाज देणार होता, आणि या खेपेला तो ड्रम उलटे मांडून दाराकडे तोंड करून बसला.

"असं का?" बेव्हनं विचारलं.

"ऊन डोळ्यांवर येतं," वॉल्ट म्हणाला. ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

बेव्ह बारच्या मागे आपलं यंत्र मांडून बसली. तिथून तिला डॅड दिसत होता, वॉल्टची पाठ दिसत होती, आणि पुढ्यात माईकच्या पट्ट्या, आवाजाबरोबर वरखाली होणाऱ्या. आत आल्यापासून डॅड ताठ उभा होता. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, स्टेजच्या कडेला पायानं ठोकून पाहिलं. "हं," तो म्हणाला. "आता कसं." आणि बेव्हकडे बघून डोळा मारला. अशा नजरेनं, तिला ओळखून, त्यानं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. ती इतकी सुखावली की तिला क्षणभर कशाचंच भय वाटलं नाही.

पहिलं कडवं झालं. ते घरच्यापेक्षाही चांगलं झालं. दुसरं सुरू झालं. शब्द एकामागून एक येत होते. बेव्ह ओठ मिटून तिच्याही नकळत प्रत्येक शब्द त्याच्याबरोबर म्हणत होती. ज्या जागी तो अडायचा ती जागा गेली. पुढची ओळ आली.

तेव्हा ड्रमच्या मागची पट्टी, दाराकडची, डॅडच्या पट्टीच्या आधी हलली.

किंचितच. वॉल्टचा ब्रश अडखळला, आणि पुन्हा सुरू झाला. बेव्हचा हात बटणावर गेला. पण या धंद्यात पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट अंगात मुरवलेली असते, की चालू गाणं थांबवायचं नाही. चूक होऊ दे, तार तुटू दे, माणूस पडू दे, टेप चालू ठेवायची. त्यातून हे गाणं पुन्हा मिळणारं नव्हतं. तिचं बोट बटणावर तसंच राहिलं.

आता पट्ट्या एकेक करून हलत होत्या. मागची, मग मधली, मग पुढची, खोलीतून कुणी चालत यावं तशा.

डॅडनं मान वर केली. त्यानं दाराकडे पाहिलं, मग दारापेक्षा बराच अलीकडे. भीती नव्हती त्याच्या चेहऱ्यावर. ओळखीचं, अदबीचं हसू होतं, वडीलधारं माणूस घरात आल्यावर पोरं हसतात तसं. ओळ अर्धी झाली होती. त्यानं गिटारवरचा हात न थांबवता डावा पाय उचलला आणि माईक सोडून बाजूला झाला.

गाणं थांबलं नाही.

बेव्हनं डॅडचे ओठ बघायचा प्रयत्न केला. त्याचं तोंड खिडकीकडे वळलं होतं आणि ऊन नेमकं तिथे होतं. तो माईकपासून हातभर लांब उभा आहे, आणि त्याच्या माईकची पट्टी पूर्ण भरलेली आहे, एवढं तिनं पाहिलं. तिसरं कडवं सावकाश, बिनघाईनं पार पडलं. त्यात कुठेही श्वास नव्हता.

शेवटचा सूर विरला. डॅडनं गिटार उतरवली आणि बारकडे येत, कधी नव्हे ते तिचं पूर्ण नाव घेऊन म्हणाला, "कसं झालं, बेव्हर्ली?"

वॉल्टनं मागे वळून पाहिलं नाही. तो दाराकडे बघत बसला होता. दाराची कडी तशीच होती.

७

पुढचे दोन महिने सगळं छान चाललं, हे सांगितलंच पाहिजे. गाणं ऐकून ज्युलियन फोनवर म्हणाला की गेल्या कित्येक वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सनं तपासण्या करून दुसऱ्या नर्सला बोलावलं. शेजारच्या बाईंचं नाव, पंतप्रधानाचं नाव, आजचा वार, सगळं बरोबर. डॅड शब्दकोडी सोडवू लागला. रात्री उठून दार उघडायचं बंद झालं. वॉल्ट तेवढा फोन उचलत नव्हता.

एकदा डॅड म्हणाला, "बेव्हर्ली, त्या तिसऱ्या गाण्यात एक ओळ राहून गेली आहे. बरं दिसत नाही ते. मी गाऊन देतो."

"लोकांना तो ठसका आवडतो, डॅड."

"ओळ राहू नये," तो म्हणाला. चिडला वगैरे नाही. तो आता कधीच चिडत नव्हता.

कामापैकी एकच गोष्ट राहिली होती, नव्या गाण्याची आवाज काढलेली प्रत. बेव्ह ती टाळत होती. ज्युलियननं दुसऱ्यांदा आठवण करून दिली तेव्हा एका दुपारी ती माडीवर गेली, हेडफोन घातले आणि गाणाऱ्याचा ट्रॅक बंद केला.

गिटार राहिली, ब्रशची सळसळ राहिली. त्यामागे तो जाड आवाज झिरपलेला होताच. तिनं एकेक माईक कमी करत आणला. शेवटी फक्त दाराकडचा माईक उरला.

तिसऱ्या कडव्याखाली कुणीतरी बोलत होतं. गात नव्हतं, बोलत होतं, अगदी दारापाशी. "बेव्ह?" फाटलेला, दमलेला आवाज. "बेव्ह, झालं का गं तुझं?" मग थोडी सळसळ. "गाडी कुठे लावलीस? मला दिसत नाहीये." कडवं पुढे गेलं. शेवटच्या ओळीला तो दाराच्या बाहेर होता, आणि तिला कान ताणावे लागले. "मी इथे थांबतो हं, बेव्ह. तू ये."

बेव्ह रडली. आईच्या वेळी ती इतकी रडली नव्हती. तिनं ते पुन्हा लावलं, आणि पुन्हा. झिरप कशी पुसायची ते तिला येत होतं, पण ही तिनं पुसली नाही. तिनं ज्युलियनला कळवलं की या गाण्याची आवाज काढलेली प्रत निघणार नाही.

तिला फार भीती वाटत होती. भीतीहून जास्त लाज वाटत होती, कारण या दोन महिन्यांत ती रात्रभर झोपली होती, केस कापून आली होती, मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेली होती. घरी परतताना दार उघडल्यावर काय दिसेल याची धास्ती तिला वाटली नव्हती. खाली बसलेला माणूस तिला आवडू लागला होता.

"बेव्हर्ली," खालून हाक आली. "चहा ओतलाय."

तिनं डोळे पुसले, यंत्र बंद केलं आणि जिना उतरली. त्यानं खुर्ची मागे ओढून दिली. चहा तिला हवा तसाच झाला होता, कडक, दूध बेताचं. डॅडला तो एवढ्या वर्षांत एकदाही जमला नव्हता. तिनं कप संपवला, आणि त्यानं विचारल्यावर आणखी एक घेतला.